वाघाची जकात

डोंगरातली वाट पहिल्यांदा कोणी पाडली, याची नोंद कुठल्याही दफ्तरात सापडत नाही. किल्ल्याची सापडते. किल्ला कोणी बांधला, कोणी जिंकला, कोणाच्या हातून गेला, हे कागदपत्रं सांगतात. वाट मात्र बेवारस असते. ती पायांनी पडते, पायांनी टिकते आणि पाय थांबले की दोन पावसाळ्यांत कारवीखाली गडप होते.

आज मी अशाच एका वाटेविषयी बोलणार आहे. जुन्नर तालुक्यातल्या खिरेश्वर गावातून निघून टोलार खिंडीमार्गे हरिश्चंद्रगडावर जाणारी ही वाट. शनिवार-रविवारी ती पाठपिशव्या घेतलेल्या तरुण मुलामुलींनी फुललेली असते. त्यांच्या लेखी ती ट्रेकची वाट. माझ्या लेखी ती माझ्या वडिलांच्या धंद्याची वाट आहे.

आम्ही ओतूरचे मणेर. अब्बा गावोगाव फिरून बायकांच्या हातात बांगड्या भरायचे. ओतूरच्या बाजारात दुकानदार पुष्कळ होते, म्हणून अब्बांनी डोंगर धरला. दिवाळी तोंडावर आली की बांगड्यांचं गाठोडं पाठीवर घेऊन ते खिरेश्वरला जात, तिथून खिंड चढून पलीकडे कोथळ्याला उतरत आणि वाड्यावस्त्या करत चार-पाच दिवसांनी परत येत. काचेचा माल पाठीवर आणि पायांखाली दगडधोंडे. घसरलं तर वर्षाची कमाई फुटायची. वाड्यांवर पैसा क्वचितच मिळे. नागली, वरई, कधी वाळवलेला हिरडा मिळे. जाताना पाठीवर काच आणि येताना धान्य, असा तो हिशेब होता.

१९८० साली, मी दहा वर्षांचा असताना, त्यांनी मला पहिल्यांदा बरोबर नेलं. खिरेश्वरच्या जुन्या नागेश्वर मंदिरापाशी आम्ही भाकरी खाल्ली. मग झाडीतून चढण लागली. दम लागून मी जिथं बसलो, ती खिंड होती आणि समोर दगडात कोरलेला वाघ होता. अंगाला शेंदूर फासलेला, पावसानं झिजलेला. डोंगरातल्या लोकांचा तो वाघदेव. अब्बांनी गाठोडं उतरवलं, एक हिरवी बांगडी काढली आणि वाघापुढं ठेवली. त्यांनी हात जोडले नाहीत, मान झुकवली नाही. मी विचारलं, "अब्बा, हे काय?"

"जकात," ते म्हणाले. "वाट त्याची, धंदा आपला."

अब्बा चौथीपर्यंत शिकलेले. पण त्या एका शब्दात त्यांनी केवढा इतिहास सांगितला, हे कळायला मला बरीच वर्षं लागली. आमच्या डोंगररांगेतच नाणेघाट आहे. कल्याण-सोपाऱ्याच्या बंदरांतून येणारा माल दोन हजार वर्षांपूर्वी त्या घाटानं जुन्नरला चढायचा आणि पुढं पैठणला जायचा. घाटाच्या तोंडाशी दगडाचा एक मोठा रांजण आहे. जकातीची नाणी त्यात टाकत, असं आमच्याकडं पिढ्यान् पिढ्या सांगतात. शेजारच्या लेण्यात सातवाहनांची राणी नागनिका हिचा ब्राह्मी लेख आहे. त्यात यज्ञांची आणि दानांची यादी आहे. दान दिलेल्या गाई किती, नाणी किती, हे आकड्यांत कोरलेलं आहे, आणि आपल्याकडच्या अंकांच्या जुन्यात जुन्या नमुन्यांत त्या आकड्यांची गणना होते. राजघराण्यातल्या माणसांचे पुतळेही तिथं होते. आता भिंतीपाशी त्यांच्या पावलांच्या खुणा तेवढ्या उरल्या आहेत. राजे गेले, पावलं राहिली. वाटेच्या इतिहासाला याहून चांगली साक्ष कोणती हवी?

आणि तो शब्द पाहा. जकात मूळचा अरबी. आमच्या घरात रमजानमध्ये गरिबांसाठी जो वाटा बाजूला काढतात, त्यालाही हाच शब्द. तो फारसी कारभाराबरोबर दख्खनेत आला, नाक्यावर बसला आणि इतका मराठी झाला की तो बाहेरून आलाय हे कोणाच्या ध्यानातही राहिलं नाही. २०१७ साली मुंबईचे जकातनाकेही बंद झाले. शब्द मात्र कुठं जात नाही.

खिंडीतून डावीकडं चढलं की कातळाचा उभा टप्पा येतो, मग टेकड्यांमागून टेकड्या, आणि शेवटी हरिश्चंद्रेश्वराचं मंदिर. शेजारी पुष्करणी आहे, तिच्या एका बाजूला मूर्तींसाठी केलेल्या देवळ्या आहेत. खाली केदारेश्वराच्या लेण्यात कमरेइतक्या गार पाण्यात भलंमोठं शिवलिंग आहे. भोवतीच्या चार खांबांपैकी एकच शाबूत उरला आहे. मंदिराच्या परिसरातल्या लेखांत चांगदेवाचं नाव येतं. त्याचा 'तत्त्वसार' हा ग्रंथ शके १२३४चा, म्हणजे इसवी सन १३१२चा, आणि तो याच गडावर लिहिला गेला असं मानतात. म्हणजे सातशे वर्षांपूर्वी इथं बसून कोणी मराठीत लिहीत होतं. मी मराठीत कविता लिहितो, तेव्हा त्या परंपरेत मी कुठं तरी शेवटच्या पायरीवर बसलेलो असतो, असं मला वाटतं.

गडाची मालकी मात्र बदलत राहिली. १४९० साली मलिक अहमदनं निजामशाही उभी केली, तीच मुळी जुन्नरच्या या मुलखातून. पुढं मलिक अंबर इथं वावरला. निजामशाही १६३६मध्ये संपली, मोगल आले. १७४७-४८च्या सुमारास हरिश्चंद्रगड मराठ्यांकडं आला. १८१८मध्ये इंग्रज आले आणि सह्याद्रीतल्या अनेक किल्ल्यांच्या पायऱ्या आणि दरवाजे त्यांनी सुरुंगानं उडवले. किल्ला पाडता आला नाही तर त्याची वाट मोडायची, हे त्यांना पक्कं ठाऊक होतं.

पण या सगळ्या सत्तांखाली एक गोष्ट तीच राहिली. वाट दाखवणारा माणूस महादेव कोळीच होता. बहामनी असो, निजामशाही असो की मराठेशाही, गडांच्या आणि घाटांच्या राखणीला याच समाजातले लोक असत. इंग्रजांनी ही राखण आणि तिच्याबरोबरचे हक्क काढून घेतले, तेव्हा हीच माणसं बंडाला उभी राहिली. अकोले तालुक्यातल्या राघोजी भांगरेंनी इंग्रजांना याच डोंगरांत वर्षानुवर्षं झुलवलं. त्यांना डोंगरात कोणी पकडू शकलं नाही. ते सापडले १८४८च्या जानेवारीत, पंढरपुरात. त्याच वर्षी मे महिन्यात ठाण्याला त्यांना फाशी दिली. वाट ओळखीची होती तोवर ते सुरक्षित होते.

१९८६ साली हा सगळा मुलूख कळसूबाई-हरिश्चंद्रगड अभयारण्य म्हणून जाहीर झाला. सुमारे ३६१ चौरस किलोमीटर. ते झालं नसतं तर आज इथं काय उरलं असतं, याचा विचार करवत नाही. बिबट्या, भेकर, सात वर्षांनी फुलणारी कारवी हे सारं त्यामुळं राहिलं. पण अभयारण्य झालं म्हणजे वाटेला पहिल्यांदाच कागदोपत्री मालक मिळाला. हिरडा वेचायला, सरपण आणायला पिढ्यान् पिढ्या जाणाऱ्या बाईला आपण नियम मोडतोय का, ही धास्ती लागली. वनहक्क कायदा आला तो २००६ साली. राखण करणाऱ्यालाच परका ठरवण्याची चूक इंग्रजांनी केली होती. ती आपण पुन्हा करू नये, एवढंच माझं म्हणणं आहे. जंगल राखायचं असेल, तर वाट ओळखणारा माणूस आधी राखावा लागेल.

परका ठरवणं काय असतं, हे मला याच वाटेवर कळलं. काही वर्षांपूर्वी मी मुलीबरोबर गडावर निघालो होतो. खिंडीत एका तरुण मुलांच्या गटाशी गप्पा झाल्या. मुलं चांगली होती, त्यांनी आम्हाला लिंबू-सरबत दिलं. नावं विचारली. मी सांगितलं. एक मुलगा मनापासून म्हणाला, "अरे वा, काका, तुम्हीसुद्धा येता का गडावर?"

त्याच्या मनात काही वाईट नव्हतं, हे मी शपथेवर सांगेन. पण ते 'सुद्धा' माझ्या पायात काट्यासारखं मोडलं. मी हसलो आणि काही बोललो नाही. मुलगी पुढं बराच वेळ गप्प होती. त्या मुलाच्या मागं चार हातांवर तो दगडी वाघ होता, ज्याला माझ्या बापानं वर्षानुवर्षं जकात भरली होती. हे मी तेव्हा सांगायला हवं होतं. नाही सांगितलं, म्हणून आज सांगतोय.

दुसऱ्या दिवशी पहाटे आम्ही कोकणकड्यावर गेलो. या कड्याखाली दरीत धुकं भरलं आणि पाठीमागून सूर्य वर आला, की धुक्यावर आपली सावली पडते आणि तिच्या डोक्याभोवती इंद्रधनुष्याचं गोल वलय दिसतं. याला इंद्रवज्र म्हणतात. कर्नल साइक्स या इंग्रज अधिकाऱ्यानं हे इथं पाहिलं आणि १८३५मध्ये छापलेल्या निबंधात त्याचं वर्णन केलं. त्या दिवशी आमचं नशीब चांगलं होतं. वलय दिसलं. मुलगी ओरडली, "माझ्या डोक्याभोवती आहे!" मी म्हटलं, "नाही, माझ्या." दोघांचंही खरं होतं. या प्रकाशाचा नियमच असा, की शेजारी शेजारी उभ्या असलेल्या माणसांतल्या प्रत्येकाला वलय दिसतं ते आपल्याच सावलीच्या डोक्याभोवती.

मला वाटलं, इतिहासाचंही आपण असंच करतो. कड्यावर सगळे एका ओळीत उभे असतात. प्रत्येकाला तेज दिसतं ते फक्त आपल्या माणसांभोवती. शेजारच्याची सावली नुसतीच काळी दिसते. त्यालाही त्याचं वलय दिसत असेल, हे दिसत नाही, ते समजून घ्यावं लागतं.

परतताना आम्ही मुद्दाम कोथळ्याच्या बाजूला उतरलो. अब्बांना जाऊन तेव्हा बारा वर्षं झाली होती. एका घराच्या ओट्यावर म्हातारी नागली पाखडत होती. मी मणेराचा मुलगा, असं सांगितल्यावर तिनं सूप खाली ठेवलं आणि मला नीट न्याहाळलं.

"मनेरमामाचा का रं तू? तुह्या बापाकडं माझे आठ आने ऱ्हायलेत."

मी खिशातून नोट काढली. मुलगी हसत होती. म्हातारीनं माझा हात मागं सारला.

"ठिव ती. फिटलं म्हंजी तुमचं येनं बंद."

आम्ही चहा घेऊन निघालो. खिंडीत वाघापाशी मुलगी थांबली. तिच्या हातात काचेची बांगडी नव्हती, एक स्टीलचं कडं तेवढं होतं. तिनं माझ्याकडं पाहिलं. मी म्हटलं, "तुझं तू ठरव." तिनं आजूबाजूला पडलेल्या प्लास्टिकच्या सात-आठ बाटल्या गोळा केल्या, पिशवीत भरल्या आणि म्हणाली, "चला बाबा, जकात झाली."

(आकाशवाणीवरील भाषणाचा संपादित अंश)