मालकाची खुशी, कामगाराचा हक्क

कंपन्यांच्या सामाजिक जबाबदारीची चर्चा आपल्याकडे बहुधा 2013च्या कंपनी कायद्यापासून सुरू होते, फार तर जमशेटजी टाटांपासून. मुंबईच्या डिलाईल रोडवर उभे राहून पाहिले तर ती 1924च्या बोनसच्या संपापासून सुरू करावी लागते. पहिल्या महायुद्धाच्या काळात मुंबईच्या गिरण्यांनी अमाप नफा कमावला आणि मालक कामगारांना वर्षाकाठी बोनस देऊ लागले. तो पाचेक वर्षे मिळत राहिला. दरसाल हाती येणाऱ्या रकमेवर वाण्याची उधारी आणि पठाणाचे व्याज बेतले जाणारच. पुढे धंदा बसला, मालकांनी 1923चा बोनस रोखला आणि दीड लाखाच्या आसपास कामगार संपावर गेले. मुख्य न्यायमूर्ती सर नॉर्मन मॅक्लिऑड यांच्या अध्यक्षतेखाली चौकशी समिती बसली. कायदा, रिवाज किंवा न्यायबुद्धी, यांपैकी कशाच्याही आधारे बोनसवर कामगारांचा हक्क ठरत नाही, असा निर्वाळा तिने दिला. तत्कालीन कायद्याच्या चौकटीत या तर्कात खोट काढणे अवघड आहे. खुशीने दिलेले खुशीने थांबवता येते. मालक उदार की कंजूष, हा प्रश्नच तिथे गैरलागू ठरतो. बोनसचा कायदा व्हायला 1965 साल उजाडले.

ही सारी उदारता निव्वळ देखावा होती, असे मात्र म्हणता येणार नाही. ज्यांचे नाव आज डिलाईल रोडला आहे त्या ना. म. जोशींनी 1911 साली सोशल सर्व्हिस लीग स्थापन केली. महायुद्धाच्या अखेरीस टाटा आणि करीमभाई इब्राहिम या गिरणीसमूहांनी आपल्या कामगारांसाठीचे कल्याणकार्य याच संस्थेकडे सोपवले. वाचनालये, रात्रीचे वर्ग, पतपेढ्या अशी ती कामे होती आणि ती मनापासून चालत. पण 1930नंतरच्या मंदीत करीमभाईंचा पसारा कोसळला. जिथे गिरण्याच हातच्या गेल्या, तिथे त्यांच्या पैशावर उभ्या कामाला आधार कुठला उरणार? घरांच्या बाबतीत तर मालकांची खुशी सुरुवातीपासूनच तोकडी होती. डिलाईल रोडच्या 32 बीडीडी चाळी, म्हणजे 160 चौरस फुटांच्या 2,560 खोल्या आणि मजल्यावरचे सामाईक संडास, हे बीडीडी या सरकारी खात्याचे बांधकाम. त्या घरबांधणी योजनेसाठी शहरात येणाऱ्या कापसाच्या गाठीमागे एक रुपया कर बसवण्यात आला होता. धंद्याकडून घरांसाठी पैसा निघाला, पण तो वसूल करावा लागला. कल्याणकार्य चालवणारे जोशी स्वतः याच निष्कर्षाला आले असावेत, कारण 1924 साली त्यांनी केंद्रीय विधिमंडळात प्रसूतीभत्त्याचे विधेयक मांडले. ते फेटाळले गेले. मुंबई प्रांतात असा कायदा 1929 साली झाला.

यावर एक आक्षेप रास्त आहे. नागपूरच्या एम्प्रेस मिलमध्ये 1901 साली भविष्यनिर्वाह निधी सुरू झाला, त्याची सक्ती करणारा कायदा 1952चा. म्हणजे चांगल्या मालकाने आधी करून दाखवले, कायदा मागून आला. हे खरे आहे. पण मधली पन्नास वर्षे बाकीच्या गिरण्यांसमोर तो दाखला होताच, आणि तेवढ्याने बहुतेकांचे मन पाघळले नाही. दुसरा आक्षेप अधिक टोचणारा आहे: सक्तीने कामगाराचेच नुकसान होते. प्रसूतीभत्त्याचा बोजा टाळायला काही मालकांनी बायकांनाच कामावरून कमी केले, आणि पुढच्या दशकांत गिरण्यांतले त्यांचे प्रमाण घसरत गेले. त्याला यंत्रे, रात्रपाळी अशी इतर कारणेही होती. तरी आक्षेप झटकून टाकण्यासारखा नाही. मुंबईच्या कायदेमंडळात 1928 साली प्रसूतीभत्त्याच्या विधेयकावर बोलताना डॉ. आंबेडकरांनी त्यावरचा उपाय सुचवला होता. हा भार बव्हंशी सरकारने उचलावा, पण मालकालाही त्यातून पूर्ण मोकळे सोडू नये, अशी त्यांची भूमिका होती. बाळंतपणाचा खर्च एकट्या मालकाच्या खिशातून जाणार असेल, तर तो ती बाईच टाळणार. 1948च्या राज्य कामगार विमा कायद्याने मालक-कामगारांच्या वर्गणीतून सामाईक निधी उभा केला. परळचे गांधी हॉस्पिटल त्याच योजनेतले. एखाद्या मालकाचे दिवाळे निघाले म्हणून या निधीला टाळे लागत नाही.

आता पुन्हा 2013च्या कंपनी कायद्याकडे. त्याचे कलम 135 ठरावीक आकाराच्या कंपन्यांना गेल्या तीन वर्षांच्या सरासरी नफ्यातले दोन टक्के समाजकार्यावर खर्च करायला सांगते. फक्त आपल्याच नोकरांच्या भल्यासाठी केलेला खर्च त्यात धरला जात नाही. मला ही तरतूद शहाणपणाची वाटते: कामगाराचे देणे हे समाजकार्य म्हणून मिरवायची सोय तिने ठेवलेली नाही. अडचण वेगळीच आहे. गिरण्यांच्या जागी आलेल्या टॉवरांच्या फाटकावरचा सुरक्षारक्षक आणि लिफ्ट पुसणारी बाई बहुधा ठेकेदाराची माणसे असतात, त्यामुळे कंपनीच्या वार्षिक अहवालात ती ना नोकर म्हणून दिसतात, ना समाज म्हणून. आडगावच्या शाळेच्या रंगीत छायाचित्रांनी सजलेला तो अहवाल वाचताना त्यांच्या विम्याची वर्गणी भरली की नाही, हे विचारायला हवे. कारण राज्य कामगार विम्याच्या नियमाप्रमाणे, ठेकेदारामार्फत घेतलेल्या माणसाची वर्गणी आधी मुख्य मालकाने भरायची असते. ठेकेदाराकडून ती वसूल करणे ही नंतरची गोष्ट.