होडीतला चौथा

परवा कायदा शिकणाऱ्या नातीने विचारलं, "आजोबा, स्वतःचा जीव वाचवायला दुसऱ्याचा घेतला तर माफ असावं का?" मला एकदम विश्वामित्र आठवले. दुष्काळात त्यांनी चांडाळाच्या घरी कुत्र्याचं मांस चोरलं, ती शांतिपर्वातली आपद्धर्माची गोष्ट. नात म्हणाली, "ती चोरी झाली. आता हे ऐका."

१८८४ च्या मे महिन्यात 'मिन्योनेट' नावाची शिडाची नौका इंग्लंडहून सिडनीला निघाली. कप्तान डडली, स्टीफन्स, ब्रुक्स आणि रिचर्ड पार्कर हा सतरा वर्षांचा पोरगा, असे चौघंच. ५ जुलैला भर अटलांटिकमध्ये नौका बुडाली. होडीत सलगमाचे दोन डबे, गोडं पाणी नाहीच. मधे एक कासव मिळालं, तेही संपलं. पोरगा समुद्राचं पाणी पिऊन आजारी पडला. विसाव्या दिवशी डडलीने त्याला मारलं. स्टीफन्सची संमती होती, ब्रुक्सची नव्हती; खाल्लं मात्र तिघांनीही. चौथ्या दिवशी जहाज भेटलं!

इंग्लंडात पोचल्यावर डडलीने सगळं स्वतःहून सांगितलं. लोकांची सहानुभूतीही त्यालाच होती. पण लॉर्ड कोलरिज यांच्या न्यायपीठाने डिसेंबरमध्ये हा बचाव फेटाळला. निकड होती हे ठरवणार कोण? ज्याला त्यातून फायदा, तोच? आणि सगळ्यात दुबळाच का निवडला? फाशीची शिक्षा झाली, पुढे ती सहा महिन्यांच्या कैदेवर आली.

आपल्याकडेही मोठी हानी टाळण्यासाठी सद्भावनेने केलेल्या कृत्याला संरक्षण आहे; पूर्वी दंड संहितेचं कलम ८१, जुलै २०२४ पासून न्याय संहितेचं कलम १९. पण त्यात गुन्हेगारी हेतू नसावा लागतो.

खरं सांगतो, आधी मला डडलीचीच दया आली. मग नातीने सांगितलं, की होडीत त्यांचं बोलणं झालं होतं: आपल्याला बायकामुलं आहेत, पोराच्या मागे कोणी नाही. तिथे मी गप्प झालो.

इतकी वर्षं मास्तरकी केली. वर्गात काही चोरीला गेलं, की बोट आधी कोणाकडे वळतं ते ठाऊक आहे. ज्याच्या घरून भांडायला कोणी येणार नाही, त्याच्याकडे. एकदा माझंही वळलं होतं. वस्तू नंतर दुसरीकडेच सापडली. तो पोरगा मात्र पुन्हा शाळेत आला नाही.

निकड खरी असते हो. पण तिची किंमत कोण मोजतो, तेही बघायला हवं.