शोळावरमची कानस

इतिहास म्हटला म्हणजे राजधान्या, तह आणि लढाया यांची चित्रे आपल्या डोळ्यांपुढे उभी राहतात. उद्योगांचा इतिहास लिहिणारे त्यापुढे एक पाऊल टाकून कारखाने, भांडवल आणि कायदे यांचा विचार करतात. परंतु घराच्या मागल्या पडवीत हातात कानस घेऊन धातूचा कीस पाडीत बसलेल्या हौशी माणसाची दखल यांपैकी कोणीच घेत नाही. आजच्या भाषणात मी अशाच माणसांची हकीकत सांगणार आहे. स्थळ आहे चेन्नई, म्हणजे १९९६ पूर्वीचे मद्रास. आणि विषय आहे मोटारीच्या वा मोटारसायकलीच्या इंजिनाचे हेड घरच्या घरी घासूनपुसून ते इंजिन अधिक वेगवान करण्याचा. विषय केवळ मेकॅनिकांच्या आवडीचा वाटेल. पण स्वातंत्र्योत्तर भारताच्या औद्योगिक धोरणाचा एक मोठा प्रश्न त्यात गुंतलेला आहे. बाहेरची दारे बंद केली म्हणजे घरातले कसब वाढते की खुंटते, हा तो प्रश्न होय.

प्रथम या कामाचे स्वरूप पाहू. पेट्रोलचे इंजिन हा एका अर्थी श्वासोच्छ्वास करणारा प्राणी आहे. हवा व पेट्रोल यांचे मिश्रण त्याने आत ओढावयाचे, ते जाळावयाचे आणि उरलेला धूर बाहेर टाकावयाचा. सिलिंडरवर झाकणासारखे बसविलेले जे हेड, त्यातच या श्वासाच्या दोन वाटा असतात. त्यांना पोर्ट म्हणतात. मद्रासमध्ये तयार झालेल्या जुन्या ३५० बुलेटचे उदाहरण घेऊ. तिच्या सिलिंडरचा व्यास ७० मिलिमीटर, पिस्टनची धाव ९० मिलिमीटर आणि घनफळ ३४६ घन सेंटिमीटर. हे इंजिन मिनिटाला ५,००० फेरे घेऊ लागले म्हणजे त्यास मिनिटाला २,५०० वेळा श्वास घ्यावा लागतो. पिस्टन वरून खाली येण्यास सेकंदाचे केवळ सहा सहस्रांश लागतात. प्रत्येक वेळी सिलिंडर काठोकाठ भरावयाचा तर मिनिटाला ८६५ लिटर मिश्रण आत यावयास हवे. म्हणजे दोनशे लिटरची चार पिंपे भरून वर उरेल इतके! एवढ्या घाईत वाटेत आलेला लहानसा उंचवटाही मोठा अडसर होतो, हे सांगावयास नकोच.

हे उंचवटे येतात कोठून? ज्यांनी कोल्हापूरच्या ओतशाळा पाहिल्या असतील त्यांना हे चटकन उमजेल. हेड हा ओतीव भाग आहे. त्यातील पोकळ वाट साधण्यासाठी साच्यात वाळूचा गाभा ठेवतात. हा गाभा केसभर सरकला तरी पोर्ट तितकाच बाजूस जातो. मग कार्बोरेटरकडून येणारी मॅनिफोल्डची नळी आणि हेडातील पोर्ट यांची तोंडे एकमेकांशी जुळत नाहीत. मध्ये पायरी राहते. धातूवर वाळूचा खरखरीतपणा उमटतो, आणि व्हॉल्व्हच्या मागील वळणावर तर धातूची अनावश्यक गाठ राहून जाते. कारखान्याला हजारो नग काढावयाचे असतात; एकेका हेडावर हात फिरवीत बसणे त्याला परवडत नाही. कारखान्याने जे सोडले ते हौशी माणसाने हातात घेतले. पोर्टिंग आणि पॉलिशिंग या जोडनावाने ओळखले जाणारे काम ते हेच.

या कामास शास्त्राची बैठक मिळाली ती इंग्लंडात. हॅरी वेस्लेक या तंत्रज्ञाने १९२० च्या दशकात हेडातून वाहणाऱ्या हवेचे मोजमाप करण्यास सुरुवात केली. इंजिन चालू न करता, हेडातून हवा ओढून, कोणत्या आकाराच्या वाटेतून ती अधिक जाते हे तो पाहू लागला. बेंटलीच्या इंजिनांवर त्याने काम केले. १९४८ साली पुढे आलेल्या जॅग्वारच्या प्रख्यात एक्सके इंजिनाच्या हेडास त्याचा हात लागला. आणि १९६७ साली बेल्जियमच्या ग्रां प्रीमध्ये डॅन गर्नी याने जिंकलेल्या गाडीच्या इंजिनावर वेस्लेकचे नाव होते. वेस्लेकचा मुख्य धडा असा की, वाट नुसती रुंद केल्याने काम भागत नाही. वाट फार रुंद झाली तर हवेचा वेग मंदावतो आणि कमी फेऱ्यांवर इंजिन मरगळते. वाटेचा आकार आणि तिचे वळण यांस महत्त्व आहे, आणि ते डोळ्यांनी ठरत नाही, मोजून ठरते. १९४८ सालीच फिल आयर्व्हिंग या ऑस्ट्रेलियन अभियंत्याचे मोटारसायकली वेगवान करण्याविषयीचे पुस्तक निघाले आणि पुढे ते जगभरच्या हौशी लोकांचे पाठ्यपुस्तक ठरले.

आता मद्रासकडे वळू. शहराच्या उत्तरेस, कोलकात्याकडे जाणाऱ्या रस्त्यालगत शोळावरम नावाचे गाव आहे. त्याचा तलाव शहराला पाणी पुरवितो. दुसऱ्या महायुद्धात येथे विमानांसाठी धावपट्टी बांधली गेली. युद्ध संपले आणि ती रिकामी पडली. १९५३ साली मद्रास मोटर स्पोर्ट्स क्लबची स्थापना झाली आणि या ओसाड धावपट्टीला नवे आयुष्य लाभले. इंग्रजी टी अक्षराच्या आकाराच्या या पट्टीवर पुढे सुमारे तीन दशके मोटारींच्या व मोटारसायकलींच्या शर्यती होत राहिल्या. शोळावरम हे नाव सबंध देशातील वेगवेड्या तरुणांच्या तोंडी झाले.

योगायोग असा की, त्याच १९५३ साली टॅरिफ कमिशनच्या शिफारशींवरून भारत सरकारने मोटारधंद्याचे नवे धोरण ठरविले. ज्या कंपन्या येथे गाड्यांची केवळ जुळणी करीत होत्या आणि उत्पादन करण्याची ज्यांची योजना नव्हती, त्यांना काम आटोपते घ्यावे लागले. फोर्ड आणि जनरल मोटर्स यांनी गाशा गुंडाळला. राहिल्या त्या मोजक्या गाड्या. कोलकात्याकडची अँबॅसेडर, वालचंद हिराचंद यांनी स्थापन केलेल्या कंपनीच्या कुर्ल्याच्या कारखान्यात होणारी फियाट ११००, आणि मद्रासमध्येच तयार होणारी स्टँडर्ड. मोटारसायकलींत १९५५ साली इंग्लंडमधील रेडिचची रॉयल एनफील्ड व मद्रास मोटर्स यांनी मिळून एनफील्ड इंडिया ही कंपनी काढली आणि तिरुवोट्टियूरच्या कारखान्यातून बुलेट बाहेर पडू लागली. आरंभी पुष्कळ भाग विलायतेहून येत. हळूहळू ते सारे येथेच होऊ लागले. इंग्लंडमधील मूळ कंपनी १९७० च्या सुमारास बंद पडली, पण मद्रासची बुलेट चालतच राहिली.

या परिस्थितीत शर्यतीची हौस असणाऱ्याने काय करावे? शर्यतीचा कॅमशाफ्ट, मोठा कार्बोरेटर, तयार केलेले हेड हे सारे परदेशात दुकानात मिळे. येथे आयातीचा परवाना मिळविणे सामान्य माणसाच्या आवाक्याबाहेर होते. राजेरजवाडे व धनिक यांनी परदेशी गाड्या आणल्या. १९८० च्या दशकाच्या आरंभी विजय मल्ल्या यांनी शोळावरमच्या पट्टीवर फॉर्म्युला वनची जुनी एन्साइन गाडी पळविली. बाकीच्यांना जी गाडी कामावर जाण्यासाठी, तीच शर्यतीसाठी. नवा भाग विकत घेता येत नाही, तेव्हा जो आहे त्यातूनच काही काढून टाकावे, हा एकच मार्ग उरला. आमच्या कचेरीत फाईल म्हणजे भर घालण्याची वस्तू. मेकॅनिकच्या फाईलने मात्र कमीच करावयाचे असते.

हे काम घरी कसे होई ते थोडक्यात सांगतो. हेड उतरवून, व्हॉल्व्ह काढून, साचलेली काजळी खरवडून काढावयाची. मग गॅस्केट हेडावर ठेवून त्याच्या छिद्राची कड धातूवर आखावयाची, तशीच ती मॅनिफोल्डवर आखावयाची आणि दोन्ही तोंडे त्या रेषेपर्यंत घासून एकमेकांशी जुळवावयाची. त्यासाठी गोल आणि अर्धगोल कानशी लागत. फियाट व बुलेट यांची हेडे ॲल्युमिनियमची. तो धातू मऊ, म्हणून कानशीच्या दातांत भरतो; यास्तव कानशीला आधी खडू फासावा लागे. अँबॅसेडरचे हेड बिडाचे. त्यावर कानस चालवून मनगटे दुखून येत. शिवाय त्या इंजिनात चार सिलिंडरांना आत घेण्याच्या वाटा दोनच, म्हणजे दोघांत एक. ही विभागणी कितीही घासली तरी बदलता येत नसे. शेवटी लाकडी काठीला एमरी पेपर गुंडाळून पोर्टला जिल्हई द्यावयाची, आणि घोटण्याची पेस्ट लावून व्हॉल्व्ह आपापल्या बैठकीवर पुन्हा नीट बसवावयाचे. पुदुपेटच्या जुन्या सामानाच्या बाजारात एखादे टाकाऊ हेड घेऊन त्यावर आधी हात बसविता येई, कारण धातूत झालेली चूक पुसता येत नाही. पाण्याने थंड होणाऱ्या इंजिनात पोर्टच्या भिंतीपलीकडे पाणी खेळते. कानस थोडी अधिक चालली की भिंत फुटली आणि हेड मोडीत गेले. अति तेथे माती ही म्हण या धंद्यात अक्षरशः खरी ठरते.

जिल्हईबद्दल मात्र एक मोठा गैरसमज रूढ होता. पोर्ट आरशासारखा चकाकला म्हणजे काम उत्तम झाले, अशी समजूत. वस्तुतः बहुतेक लाभ होतो तो आकार सुधारल्यामुळे. कार्बोरेटरच्या इंजिनात आत येणाऱ्या वाटेवर अगदी गुळगुळीत पृष्ठभाग फारसा उपयोगी नाही. पेट्रोलचे थेंब भिंतीवर साचू न देता हवेत मिसळते ठेवण्यास थोडा खरखरीतपणाच बरा, असे जाणकार सांगतात. धूर बाहेर टाकणाऱ्या वाटेवर चकाकी चालते, कारण तेथे काजळी कमी धरते. डोळ्यांना दिसते ते तेज आणि मोजल्यावर कळतो तो गुण, यांतला हा फरक नुसत्या कानशीने शिकविला नाही. तो शिकले ते मोजणारे. काही जण हेडातील जळण्याच्या खोलगटींवर काचेची पट्टी बसवीत, ब्युरेटमधून थेंबथेंब रॉकेल सोडीत आणि चारही खोलग्यांचे घनफळ सारखे आहे की नाही ते पाहत. हवेच्या मापनाची यंत्रे मात्र फार थोड्यांना लाभली.

येथे आपण मूळ प्रश्नाशी येतो. बंद दारांमुळे कसब वाढले, यात शंका नाही. शिवाय गाड्याही दीर्घकाळ त्याच राहिल्या. बुलेटचे जुने इंजिन भारतात सुमारे अर्धशतक चालले; अँबॅसेडर २०१४ पर्यंत तयार होत होती. त्यामुळे एकाच हेडाच्या वळणाची माहिती एका हातातून दुसऱ्या हातात, बापाकडून मुलाकडे जात राहिली. परंतु ज्या स्थैर्याने हे कसब पोसले, त्याच स्थैर्याने कारखान्यांची झोप गाढ केली. गिऱ्हाईक वर्षानुवर्षे रांगेत उभे असताना हेड सुधारण्याची निकड कारखान्याला कशी वाटावी? हौशी माणूस पडवीत जे शोधून काढी, ते कारखान्याच्या आराखड्यावर चढविण्याची वाटच नव्हती. वेस्लेकने लावलेला शोध जॅग्वारच्या हेडात उतरला. शोळावरमच्या मेकॅनिकाचा शोध पुढल्या शर्यतीपर्यंतच जगला. दोष कानशीचा नव्हता. दुवा नव्हता हा दोष.

हा दुवा पुढे हळूहळू जुळू लागला. कोइंबतूरचे एस. करिवर्धन यांनी मारुतीचे ७९६ घन सेंटिमीटरचे इंजिन घेऊन एका आसनाच्या शर्यतीच्या गाड्या देशातच बांधल्या. सर्वांना सारखेच इंजिन मिळू लागल्यावर चालकाचे कौशल्य पारखता आले. करिवर्धन १९९५ साली विमान अपघातात निवर्तले. शर्यती शोळावरमहून श्रीपेरुंबुदूरजवळ इरुंगाट्टुकोट्टै येथे, क्लबने खास बांधलेल्या आणि १९९० साली सुरू झालेल्या ट्रॅकवर गेल्या. तेथे फॉर्म्युला मारुती गाडीत उमेदवारी केलेला नारायण कार्तिकेयन २००५ साली फॉर्म्युला वनमध्ये उतरणारा पहिला भारतीय ठरला.

आज काळ पालटला आहे. १९८८ च्या मोटार वाहन कायद्याच्या ५२ व्या कलमान्वये, उत्पादकाने ठरविलेल्या आणि नोंदणीपुस्तकात लिहिलेल्या तपशिलांत फरक पडेल असा बदल वाहनात करता येत नाही. १ एप्रिल २०२० पासून भारत स्टेज सहाचे धूरनियम लागू झाले. बहुतेक नव्या दुचाकींतून कार्बोरेटर गेला आणि पेट्रोलचा प्रत्येक थेंब संगणक मोजू लागला. ओतकामही इतके सुधारले आहे की घासून काढण्याजोगे फारसे उरत नाही. हे सारे स्वागतार्हच आहे. शहराच्या हवेवर सर्वांचा हक्क आहे, आणि वेगाची हौस ट्रॅकवरच भागविणे योग्य.

तथापि, श्रोतेहो, एक गोष्ट ध्यानात ठेवण्यासारखी आहे. आज चेन्नईला भारतातील मोटारधंद्याची राजधानी म्हणतात. या वैभवाची कारणे सांगताना बंदर, जमीन आणि सरकारी सवलती यांची यादी केली जाते. यंत्राचे पोट उघडून पाहण्यास न भिणारी माणसे त्या शहरात आधीपासून होती, हे कारण त्या यादीत सहसा नसते. शोळावरमच्या पट्टीवर विजयी झालेल्यांची नावे नोंदलेली आहेत. त्यांची हेडे घासणाऱ्यांची बहुतेक नोंदलेली नाहीत. त्यांनी काय केले, किती घासले आणि कोठे थांबले, हे कोणी लिहून ठेवले नाही. त्या पिढीतील जे आज आहेत ते वार्धक्याकडे झुकलेले आहेत. कोल्हापूर असो, पुणे असो की चेन्नई, आपल्या आसपास असा एखादा जुना कारागीर असेल तर त्याच्याजवळ बसून त्याचे अनुभव टिपून घ्यावेत. उद्योगांचा खरा इतिहास लिहावयाचा तर त्यासाठी हीच साधने लागतील.