उपदेशाविना समुपदेशन

‘समुपदेशन’ हा शब्द आपल्या भाषेत फार जुना नाही. ज्या कोणी तो रूढ केला त्याने त्याच्या पोटात ‘उपदेश’ ठेवून दिला आणि एक घोटाळा करून ठेवला. कारण ज्या पद्धतीचा इतिहास आम्ही येथे मांडणार आहोत, त्या व्यक्तिकेंद्रित समुपदेशनाचा पहिला दंडकच असा, की समोरच्या माणसाला उपदेश करावयाचा नाही. सल्ला मिळेल म्हणून जो तेथे जाईल तो चिडून परत येईल. आणि ज्याला कोणीतरी नीट ऐकून घ्यावे एवढीच भूक आहे, तो ‘पुन्हा उपदेशच ना!’ म्हणून त्या दाराकडे फिरकणार नाही.

आमच्या जालना जिल्ह्यात हा प्रश्न पुस्तकी राहिलेला नाही. २०१२-१३ च्या दुष्काळात येथील मोसंबीच्या बागा उभ्या वाळल्या. शेतकऱ्यांच्या आत्महत्यांमुळे २०१५ साली राज्य सरकारने विदर्भ-मराठवाड्यातील १४ जिल्ह्यांत ‘प्रेरणा प्रकल्प’ सुरू केला, त्यात जालना होता. आशा कार्यकर्त्यांनी घरोघर जाऊन झोप, भूक, निराशा यांची विचारपूस करावी आणि ज्यांना गरज दिसेल त्यांना पुढे पाठवावे, अशी ती योजना. तेव्हापासून समुपदेशक हा शब्द खेड्यापर्यंत पोचला. तो कोणत्या जातीचा समुपदेशक, हे विचारण्याची सवय मात्र पोचली नाही.

उपदेशाचे आम्हाला वावडे नाही. घनसावंगी तालुक्यातले जांब हे समर्थ रामदासांचे जन्मगाव. मनाला समोर बसवून दोनशेवर श्लोकांत समजावणारा हा पुरुष आमच्याच मातीतला. अमेरिकेत १९५५ च्या सुमारास आल्बर्ट एलिस यांनी विवेकनिष्ठ मानसोपचार पद्धती मांडली. चुकीचा विचार पकडा, त्याच्याशी वाद घाला, तो बदला, अशी तिची रीत. ती मराठी माणसाला परकी वाटली नाही, याचे कारण हेच असावे असे आम्हाला वाटते. कि. मो. फडके यांनी ती महाराष्ट्रात रुजवली, डॉ. आनंद नाडकर्णी यांनी १९९० मध्ये ठाण्यात स्थापलेल्या संस्थेने ती पुष्कळांपर्यंत नेली. ही वाट बोलणाऱ्याची. दुसरी वाट ऐकणाऱ्याची, आणि तिचे प्रवर्तक कार्ल रॉजर्स.

रॉजर्स यांचा जन्म १९०२ साली शिकागोजवळचा. घरच्यांनी पुढे शेती घेतली, आणि पोरगा विस्कॉन्सिन विद्यापीठात गेला तो शेतकी शिकायला. बियाण्यांच्या व्यवसायावर नाव कमावलेल्या जालन्याच्या लोकांनी हे ध्यानात ठेवण्यासारखे आहे. तळघरात हिवाळ्यासाठी साठवलेल्या बटाट्यांना अंधारातही फिकट कोंब फुटत आणि ते दूरच्या लहानशा खिडकीकडे वळत, ही लहानपणची आठवण त्यांनी उतारवयात लिहून ठेवली. माणूसही तसाच, वाढण्याची ओढ त्याच्या आतच असते, बाहेरच्याने फक्त जमीन तयार ठेवावी, हे त्यांच्या सबंध विचाराचे मूळ.

रॉचेस्टर गावी मुलांच्या एका संस्थेत त्यांनी बारा वर्षे काढली. तेथे एका द्वाड मुलाच्या आईला ते आठवड्यामागून आठवडे समजावत होते, की दोष तुमच्या वागण्यात आहे. बाई ऐकून घेई; फरक काही पडेना. शेवटी दोघांनीही हात टेकले. बाई दारापर्यंत गेली, वळली आणि तिने विचारले, तुम्ही मोठ्या माणसांना घेता काय? मग ती परत बसली आणि आपल्या मोडत चाललेल्या संसाराची हकीकत सांगू लागली. काय दुखते आणि कोठे दुखते हे ज्याचे त्यालाच ठाऊक असते, हा धडा रॉजर्स यांनी त्या दारात घेतला. १९४२ च्या ग्रंथात त्यांनी ‘रोगी’ हा शब्द टाकून वकिलाच्या अशिलासाठी असतो तो शब्द घेतला. १९५१ मध्ये पद्धतीला ‘अशीलकेंद्रित’ नाव दिले, आणि ‘व्यक्तिकेंद्रित’ हे नाव त्यापुढचे. ऐकणाऱ्याने खोटा मुखवटा घालू नये, समोरच्याला अटी न घालता माणूस म्हणून स्वीकारावे, आणि त्याचे जग त्याच्या डोळ्यांनी पाहावे, या तीन गोष्टींवर त्यांनी १९५७ मध्ये सगळा भार ठेवला.

आमच्यासारख्या युनियनच्या कार्यकर्त्याला या इतिहासातले एक पान विशेष वाचावेसे वाटते. शिकागोजवळच्या हॉथॉर्न येथील वेस्टर्न इलेक्ट्रिकच्या कारखान्यात १९२८ ते १९३० या काळात एकवीस हजारांवर कामगारांच्या मुलाखती झाल्या. मुलाखत घेणाऱ्याने वाद घालू नये, सल्ला देऊ नये, ऐकावे, हे तेथेही अनुभवाने ठरले. रॉजर्स यांच्या १९४२ च्या ग्रंथात या कामाचा उल्लेख आहे. १९३६ पासून कंपनीने कायमचे समुपदेशक नेमले. कामगाराने मन मोकळे करावे, त्यांनी ऐकावे. परंतु पगार, पाळी, मुकादमाची अरेरावी यांपैकी एकही गोष्ट बदलण्याचा अधिकार त्यांना नव्हता. १९४९ मध्ये मोटार कामगारांच्या युनियनच्या मासिकाने या प्रकाराची यथेच्छ टिंगल केली, आणि १९५६ मध्ये तो उपक्रम गुंडाळला गेला.

आम्हाला ती टिंगल अर्धीच पटते. मजुरी कापली म्हणून ज्याचा जीव तळमळतो त्याला नुसते ऐकणे म्हणजे तापलेल्या भट्टीला वारा घालणे. परंतु आमच्या कचेरीत दुसरीही माणसे येतात. रोलिंग मिलमधला एक जण हजेरीच्या तक्रारीचा अर्ज लिहून घ्यायला आला. अर्ज दहा मिनिटांत झाला. तो उठेना. “भाऊ, अर्ज राहू द्या, जरा बसू का?” म्हणाला, आणि तासभर मरून गेलेल्या भावाविषयी बोलत राहिला. घरी, पारावर, सोयऱ्यांत, सगळ्यांनी त्याला ‘धीर धर’ एवढेच सांगितले होते. अशा माणसाला युनियन पुरत नाही. त्याला रॉजर्स यांची वाट मानवेल.

तेव्हा निवड करताना पहिला विचार हा, की गाठ कोठे बसली आहे. सावकाराने जमीन लिहून घेतली असेल तर २०१४ च्या सावकारी कायद्याखाली जिल्हा उपनिबंधकाकडे अर्ज आधी, ऐकणारा मागाहून. ऊसतोडीच्या उचलीत अडकलेल्या जोडप्याला मनःशांतीची भाषा शिकवणे ही थट्टा होय. घरी मार खाणाऱ्या बाईला २००५ च्या कायद्याने संरक्षण अधिकारी दिला आहे, तिला प्रथम सुरक्षित जागा हवी. ‘बिनशर्त स्वीकार’ म्हणजे मारणाऱ्याच्या हाताचा स्वीकार नव्हे, हे नवशिके समुपदेशकही कधी कधी विसरतात. कानात आवाज येणे, आठवडेच्या आठवडे झोप न लागणे, जिवाचे बरेवाईट करण्याचे विचार घोळणे, अशा वेळी थेट डॉक्टर गाठावा, आणि घरातले फवारणीचे औषध त्याच दिवशी शेजाऱ्याकडे हलवावे. रॉजर्स यांनी स्वतः विस्कॉन्सिनमध्ये स्किझोफ्रेनियाच्या रोग्यांवर आपली पद्धत लावून पाहिली. १९६७ मध्ये अहवाल निघाला, त्यात एकंदरीत म्हणावा तसा फरक दिसला नाही. हा निकाल त्यांनी छापला, याचा आम्हाला आदर वाटतो.

उदासीनतेच्या बाबतीत अलीकडचा एक पुरावा पोलादाच्याच गावचा आहे. शेफिल्ड येथे ५१० जणांवर तुलना झाली आणि २०२१ मध्ये तिचे निष्कर्ष आले. सहा महिन्यांनी व्यक्तिकेंद्रित पद्धत विचार-वर्तन उपचारापेक्षा कमी पडली नाही; वर्षाअखेर मात्र दुसरी पुढे गेली. म्हणजे ही पद्धत फुकाची नाही आणि सर्वांत श्रेष्ठही नाही. ज्याला घरी करावयाचा अभ्यास, वेळापत्रक, ठरलेल्या पायऱ्या हव्यात, त्याने दुसरी वाट धरावी. गोव्यातील आरोग्य केंद्रांत साध्या शिकवलेल्या माणसांकडून उदास लोकांना हळूहळू कामाला लावण्याचा प्रयोग झाला, त्याचे फळ चांगले आले, असे २०१७ मध्ये प्रसिद्ध झाले. ज्याला आपले दुःख ठाऊक आहे पण त्याला शब्द सापडत नाहीत, ज्याने आजवर दुसऱ्यांच्याच मर्जीने जगून पाहिले, त्याला व्यक्तिकेंद्रित खोलीत बसून पाहण्यास हरकत नाही. पहिल्या भेटीतली लांबलचक शांतता सोसवत नाही म्हणून पळू नये. तीन-चार भेटींनंतर मात्र स्वतःला विचारावे, आपण तेथे घरापेक्षा खरे बोलतो की नाही. नसल्यास उठून यावे. त्यात ऐकणाऱ्याचा अपमान नाही.

भाषेचाही प्रश्न आहे. जालन्याच्या पोलाद कारखान्यांत भट्टीवर उभे राहणारे पुष्कळ जण बिहार-उत्तर प्रदेशचे. भोजपुरीत रडणाऱ्याचे जग मराठीत डोळ्यांनी कसे पाहणार? ऑक्टोबर २०२२ पासून १४४१६ या क्रमांकावर ‘टेली-मानस’ ही मोफत सेवा मिळते, आणि ती एकाच भाषेत नाही. सुरुवातीला तेवढा आधार घेता येतो.

आणि समुपदेशक कारखान्याने नेमलेला असेल, तर तोंड उघडण्यापूर्वी दोन गोष्टी विचारून घ्याव्यात. तुमचा पगार कोण देतो? येथे बोललेले कोणाच्या टेबलावर जाते? २०१७ च्या मानसिक आरोग्य कायद्याने उपचारातील गुप्तता हा रुग्णाचा हक्क मानला आहे. उत्तर देताना समोरचा अडखळला, तर खुर्चीवर बसण्याची घाई करू नये, आणि बाहेर आल्यावर आपल्या सोबत्यांनाही तसे सांगावे.