एकाच घरात, एकच जंतू; मग आजारी एकच जण का पडतो?

साथ आली की हे चित्र बहुतेक घरांत दिसतं. घरात पाच माणसं, हवा एकच, पाणी एकच, जेवण एकाच स्वयंपाकघरातलं. दोघांना काहीच होत नाही, दोघं दोन दिवस तापाने पडून उठतात आणि एकाला थेट हॉस्पिटल गाठावं लागतं. मग आपण एका वाक्यात विषय संपवतो: "त्याची इम्युनिटीच कमी आहे."

पण इम्युनिटी कमी, म्हणजे नेमकं काय कमी? ती जन्मापासून कमी असते की नंतर होते? आणि एखादं मूल वारंवार आजारी पडत असेल, तर त्यात आईवडिलांची काही चूक असते का?

या प्रश्नांवर शास्त्रज्ञ शंभरेक वर्षं काम करत आहेत. त्यांच्या हाती काय लागलंय, ते समजून घेऊया.

ल्युबेकमध्ये काय घडलं होतं?

१९३० सालची गोष्ट. जर्मनीतल्या ल्युबेक शहरात नवजात बाळांना क्षयरोगाची, म्हणजे टीबीची, बीसीजी लस तोंडावाटे दिली जात होती. लस तयार करताना प्रयोगशाळेत गफलत झाली आणि तिच्यात टीबीचे जिवंत, घातक जंतू मिसळले गेले. २५१ बाळांना ही दूषित लस मिळाली. त्यातली ७२ बाळं दगावली.

ही घटना भयंकरच होती. पण डॉक्टरांना कोड्यात टाकलं ते दुसऱ्याच गोष्टीने. उरलेली बाळं वाचली. त्यातल्या अनेकांमध्ये टीबीची लक्षणं दिसली, पण ती बरी झाली. सगळी बाळं नवजात होती, एकाच शहरातली होती, जंतूही एकच होता. काही बाळांच्या वाट्याला जंतूंचा डोस जास्त आला होता, हे एक कारण होतंच. पण तेवढ्याने सगळा हिशेब लागत नव्हता.

म्हणजे आजार होण्यासाठी जंतू लागतो हे खरं, पण फक्त जंतू पुरेसा नसतो. टीबीच्या बाबतीत तर हे आजही दिसतं. जगातल्या साधारण एक चतुर्थांश लोकांना टीबीच्या जंतूचा संसर्ग कधी ना कधी झालेला आहे, असा अंदाज आहे. पण त्यातल्या ५ ते १० टक्के लोकांनाच आयुष्यात कधीतरी प्रत्यक्ष टीबीचा आजार होतो.

आनुवंशिकतेचा संबंध कसा कळला?

एकाच घरातले लोक सारखे आजारी पडत असतील, तर दोष रक्ताचा की घराचा? हे वेगळं करणं अवघड असतं. कारण आईवडिलांकडून मुलाला जनुकंही मिळतात आणि घरही.

डेन्मार्कच्या संशोधकांनी यावर एक युक्ती काढली. त्यांनी दत्तक गेलेल्या मुलांच्या नोंदी तपासल्या. या मुलांची जनुकं एका घरची आणि वाढ दुसऱ्या घरची. १९८८ साली हा अभ्यास प्रसिद्ध झाला. ज्यांची जन्मदाती आई किंवा वडील वयाच्या पन्नाशीच्या आत संसर्गजन्य आजाराने गेले होते, त्या मुलांनाही संसर्गाने मृत्यू येण्याचा धोका इतरांपेक्षा सुमारे पाचपटींहून जास्त होता. दत्तक घेतलेले पालक संसर्गाने गेले असतील, तर मात्र मुलाच्या धोक्यात तशी वाढ दिसली नाही.

थोडक्यात, जंतूशी लढण्याची क्षमता काही प्रमाणात वारशाने येते.

एका जनुकातला बिघाड एवढा महागात पडतो?

हो, काही वेळा.

१९५२ साली अमेरिकेतले डॉक्टर ऑग्डन ब्रूटन यांच्याकडे आठ वर्षांचा एक मुलगा होता. त्याला पुन्हा पुन्हा गंभीर संसर्ग होत होते. तपासणीत दिसलं की त्याच्या रक्तात अँटीबॉडी जवळपास नव्हत्याच. ब्रूटन यांनी त्याला दुसऱ्यांच्या रक्तातून वेगळ्या काढलेल्या अँटीबॉडी द्यायला सुरुवात केली आणि त्याचे संसर्ग आटोक्यात आले. आज या आजाराचं कारण ठरणारं जनुकही माहीत आहे.

त्यानंतर असे शेकडो जन्मजात प्रतिकारदोष सापडले. आज त्यांची संख्या सुमारे ५०० आहे. प्रत्येक दोष एकेकटा दुर्मीळ, पण सगळे मिळून तेवढे दुर्मीळ नाहीत.

यातला एक भाग फार रंजक आहे. सगळेच दोष माणसाला सगळ्या जंतूंसमोर कमजोर करत नाहीत. काही लोक इतर सर्व संसर्गांशी नीट लढतात, पण टीबीच्या कुळातल्या जंतूंपुढे त्यांचं शरीर हात टेकतं. एरवी निरुपद्रवी असलेली बीसीजी लसही अशा मुलांना आजारी पाडू शकते. १९९६ साली यामागचं एक कारण सापडलं. इंटरफेरॉन गॅमा नावाचा निरोप पेशींपर्यंत पोहोचतो, पण तो ऐकणारा 'कान', म्हणजे पेशीवरचा रिसेप्टर, जन्मतःच बिघडलेला असतो.

म्हणजेच 'इम्युनिटी' हा मोबाइलच्या बॅटरीसारखा एकच आकडा नाही. शेकडो वेगवेगळ्या कामगारांची ती साखळी आहे. कुठली कडी तुटली, त्यावर कुठला जंतू शिरेल ते ठरतं.

मग ही 'वाईट' जनुकं टिकून का राहिली?

कारण एके ठिकाणी घातक ठरणारं जनुक दुसरीकडे जीव वाचवतं.

शास्त्रज्ञ जे. बी. एस. हाल्डेन यांनी १९४९ साली एक कल्पना मांडली होती: रक्ताचे काही आनुवंशिक आजार मलेरियाच्या प्रदेशात जास्त दिसतात, कारण त्यांचे वाहक मलेरियापासून वाचत असावेत. (हेच हाल्डेन पुढे १९५७ मध्ये भारतात आले आणि इथलेच झाले.) १९५४ साली अँथनी अ‍ॅलिसन यांनी आफ्रिकेतल्या अभ्यासातून सिकलसेलच्या बाबतीत हे दाखवून दिलं.

महाराष्ट्राचा इथे थेट संबंध आहे. विदर्भात आणि नंदुरबारसारख्या जिल्ह्यांत, विशेषतः आदिवासी समाजात, सिकलसेलचं प्रमाण लक्षणीय आहे. सिकलसेलचं जनुक फक्त आई किंवा फक्त वडिलांकडून आलं, तर ती व्यक्ती वाहक असते. तिला सहसा त्रास होत नाही, उलट गंभीर मलेरियापासून मोठं संरक्षण मिळतं. पण दोघांकडूनही आलं, तर सिकलसेलचा आजार होतो. त्यात प्लीहा लहानपणीच निकामी होत जाते. रक्तातले जंतू गाळणारा हा अवयव गेला की न्यूमोकोकससारख्या जंतूंचा संसर्ग जिवावर बेतू शकतो. म्हणून सिकलसेल असलेल्या मुलाचा ताप कधीही 'साधा ताप' समजू नये, असं डॉक्टर बजावतात.

एकच जनुक. एका जंतूपासून वाचवणारं आणि दुसऱ्याच्या तोंडी देणारं.

कोव्हिडने काय नवीन दाखवलं?

धडधाकट, चाळिशीतला, कुठलाही आजार नसलेला माणूस कोव्हिडने गेला, अशा बातम्या आपण सगळ्यांनी ऐकल्या. काहींच्या तर घरातच हे घडलं. तेव्हा उत्तर कुणाकडेच नव्हतं.

२०२० मध्ये जाँ-लोराँ काझानोव्हा यांच्या आंतरराष्ट्रीय गटाने काही उत्तरं दिली. विषाणू शिरला की आपल्या पेशी 'टाइप वन इंटरफेरॉन' नावाचं रसायन सोडतात. हा शरीराचा धोक्याचा भोंगा असतो. या गटाला दिसलं की गंभीर कोव्हिड झालेल्या ६५९ रुग्णांपैकी सुमारे ३.५ टक्के लोकांच्या जनुकांतच या भोंग्याच्या यंत्रणेत बिघाड होता. कोव्हिड येईपर्यंत त्यांना त्याची कल्पनाही नव्हती.

दुसरा शोध आणखी धक्कादायक होता. ९८७ गंभीर रुग्णांपैकी १०१ जणांच्या रक्तात स्वतःच्याच इंटरफेरॉनला निष्प्रभ करणाऱ्या अँटीबॉडी सापडल्या. म्हणजे भोंगा वाजत होता, पण शरीरच त्याचा आवाज दाबत होतं. या १०१ जणांपैकी ९५ पुरुष होते. अशा अँटीबॉडी वयाच्या सत्तरीनंतर जास्त आढळतात, हेही पुढे दिसलं. कोव्हिडने पुरुष आणि वृद्ध जास्त का गेले, याचं एक कारण इथे मिळतं.

त्याच वर्षी ह्यूगो झेबेर्ग आणि स्वांते पाबो यांनी दाखवलं की तिसऱ्या गुणसूत्रावरचा एक तुकडा गंभीर कोव्हिडचा धोका वाढवतो आणि तो आपल्याला निअँडरथल मानवाकडून मिळालेला आहे. दक्षिण आशियातल्या जवळपास निम्म्या लोकांमध्ये तो असतो, तर युरोपात सुमारे १६ टक्के लोकांमध्ये. पण घाबरू नका: हा तुकडा असलेल्या बहुसंख्य लोकांना गंभीर कोव्हिड झाला नाही. तो धोका वाढवतो, नशीब ठरवत नाही.

म्हणजे सगळं जनुकांवरच आहे?

अजिबात नाही. आणि भारतासाठी हा मुद्दा सगळ्यात महत्त्वाचा आहे.

झारखंडमध्ये झालेल्या 'राशन्स' नावाच्या चाचणीत टीबी रुग्णांच्या घरच्यांना पोषणाची जोड दिली गेली. तांदूळ, डाळ आणि सूक्ष्म पोषकद्रव्यांच्या गोळ्या, एवढंच. १० हजारांहून जास्त लोकांवर केलेल्या या अभ्यासाचे निष्कर्ष २०२३ मध्ये 'द लॅन्सेट' समूहाच्या नियतकालिकांत प्रसिद्ध झाले. ज्या घरांना हे धान्य मिळालं, तिथे घरच्यांना टीबी होण्याचं प्रमाण ३९ टक्क्यांनी कमी झालं. त्यांची जनुकं तीच होती, घरही तेच होतं. बदललं होतं ते ताट.

मधुमेह असेल तर टीबीचा धोका दोन ते तीन पट होतो. एचआयव्ही, कॅन्सरची केमोथेरपी, दीर्घकाळ घेतलेले स्टेरॉइड, धूम्रपान आणि वाढतं वय यांनीही प्रतिकार ढासळतो. यातल्या बऱ्याच गोष्टींवर औषध, आहार किंवा धोरणाने उपाय करता येतो.

मग 'इम्युनिटी बूस्टर' घ्यावं का?

काढे, गोळ्या, पावडरी यांच्या जाहिराती इम्युनिटी 'वाढवण्याचं' आश्वासन देतात. पण वर पाहिलं तसं, इम्युनिटी हा एक आकडा नाहीच, त्यामुळे तो सरसकट वाढवताही येत नाही. एखादी कडी जन्मतः तुटलेली असेल तर पावडरीने ती जोडली जात नाही. आणि ज्याच्या आहारात प्रथिनंच कमी आहेत, त्याला महागड्या गोळीपेक्षा रोजची डाळ, अंडं, दूध जास्त उपयोगी पडतं. झोप, मधुमेहावर नियंत्रण आणि वेळेवर लसीकरण यांना पर्याय नाही.

डॉक्टरांना कधी विचारावं?

लहान मुलांना वर्षातून अनेकदा सर्दी-खोकला होतो, शाळेत जायला लागल्यावर तर जास्तच. त्यात बहुतेक वेळा काळजीचं काही नसतं. पण खालीलपैकी काही दिसत असेल, तर बालरोगतज्ज्ञांना 'प्रतिकारदोषाची तपासणी करायची का?' असं स्पष्ट विचारा:

• वर्षभरात दोन किंवा जास्त वेळा न्यूमोनिया
• वर्षभरात चार किंवा जास्त वेळा कानाचा संसर्ग
• दोन महिने अँटिबायोटिक देऊनही फारसा फरक नाही
• वजन न वाढणं, वाढ खुंटणं
• त्वचेत किंवा आतल्या अवयवांत पुन्हा पुन्हा गळू होणं
• तोंडात न जाणारी पांढरी बुरशी
• घराण्यात प्रतिकारदोषाचं निदान, किंवा आधीची भावंडं संसर्गाने दगावलेली असणं

शेवटचा मुद्दा बाळाच्या जन्माच्या आधीच डॉक्टरांना सांगा. बीसीजी ही जिवंत जंतूंची लस जन्मतःच दिली जाते. बाकी सगळ्या बाळांसाठी ती गरजेची आहे, पण गंभीर प्रतिकारदोष असलेल्या बाळाला तिच्यामुळे धोका होऊ शकतो. अशा घरात आधी तपासणी, मग लस, हा निर्णय डॉक्टर घेतात.

वेळेला इथे फार किंमत आहे. 'स्किड' या सर्वांत गंभीर प्रकारात बाळ साडेतीन महिन्यांचं होण्याआधी मूळपेशींचं प्रत्यारोपण झालं, तर वाचण्याचं प्रमाण ९० टक्क्यांच्या वर असल्याचं अमेरिकेतल्या अभ्यासात दिसलं. म्हणूनच तिथे सर्व राज्यांत नवजात बाळांच्या टाचेच्या रक्ताच्या थेंबातून ही तपासणी होते. भारतात ती अजून सरसकट होत नाही. मुंबईत परळला केईएम रुग्णालयाच्या आवारातली आयसीएमआरची राष्ट्रीय प्रतिरक्षा-रक्तविज्ञान संस्था अशा दोषांच्या निदानाचं काम करते. बालरोगतज्ज्ञांमार्फत तिथे पोहोचता येतं.

आणि एक शेवटचं. आपल्याकडे मूल सारखं आजारी असलं की बोट आधी आईकडे जातं. "नीट खाऊ घालत नाही", "बाहेर फार नेते", आणि मूल गेलंच तर "पांढऱ्या पायाची" इथपर्यंत. काही प्रतिकारदोष आईच्या एक्स गुणसूत्रातून मुलग्यांकडे येतात हे खरं आहे. पण आपली जनुकं कुणीच निवडत नाही आणि ती दिसतही नाहीत. अशा घरात टोमण्यांपेक्षा रक्ताची एक तपासणी जास्त कामाची ठरते. तिच्यामुळे कदाचित पुढचं बाळ वाचू शकतं.