फटफटीचा लगाम

दसऱ्याला किंवा पाडव्याला एखाद्या घरी नवी मोटारसायकल आली, की तिला झेंडूची माळ पडते, हळदकुंकू लागते, चाकाखाली लिंबू ठेवले जाते आणि जमलेल्या शेजाऱ्यांपैकी कुणीतरी तो ठरलेला प्रश्न विचारतो, "किती देते?" लिटरमागे किती पळते हे सर्वांना हवे असते. किती अंतरात थांबते, हे विचारलेले मात्र मी आजवर ऐकलेले नाही. पूर्वीच्या लोकांनी या वाहनाला फटफटी म्हटले, तेही तिच्या धावण्याच्या आवाजावरून. तिचे थांबणे मुके असते. म्हणूनच की काय, त्याचा इतिहास कुणी फारसा सांगत नाही.

मी पन्नाशी ओलांडलेला गृहस्थ आहे आणि अजून मोटारसायकल चालवितो. माझ्या वयाच्या मंडळींत दोन पंथ दिसतात. एक म्हणतो, "आम्हांला काय शिकविता? तीस वर्षे गाडी हाकतो आहोत." दुसरा मुलांच्या धाकाने गाडीची किल्ली ठेवून देतो. दोघेही एकाच गोष्टीला विसरतात, असे मला वाटते. आणि ती गोष्ट ध्यानात यावयाची तर थोडे मागे गेले पाहिजे.

१८८५ साली जर्मनीत डाइम्लर आणि मायबाख यांनी लाकडी सांगाड्यात पेट्रोलचे एंजिन बसविले, तेव्हापासून या वाहनाची वंशावळ मोजतात. पुढे विसाव्या शतकाच्या आरंभी ज्या मोटारसायकली आल्या, त्या बहुतांशी एंजिन लावलेल्या सायकलीच होत्या. ब्रेकही सायकलीचेच. मागच्या चाकाच्या पट्ट्याच्या कडीवर एक ठोकळा दाबावयाचा, पुढच्या चाकाच्या धावेवर दोन गुटके घासावयाचे, की झाले! रस्ते मातीचे, खडीचे, टायर अरुंद. अशा रस्त्यावर पुढचे चाक एकाएकी अडले तर स्वार भुईवर आलाच म्हणून समजावे. त्या काळच्या जाणत्यांनी मागच्या ब्रेकवर भिस्त ठेवा असे सांगितले असेल, तर ते शहाणपणाचेच होते.

१९०२ साली फ्रान्सच्या लुई रेनोने मोटारीसाठी ड्रम ब्रेक काढला आणि १९२० नंतरच्या दशकात तो मोटारसायकलीच्या दोन्ही चाकांत रुळला. आपल्याकडे १९५५ साली मद्रासला एन्फील्ड कंपनी उभी राहिली आणि बुलेट घरोघरी ठाऊक झाली. पाठोपाठ स्कूटरी आल्या, इतर मोटारसायकली आल्या. या सर्वांचा पुढचा ब्रेक म्हणजे तारेने ओढला जाणारा ड्रम. पावसात भिजला की धरीनासा होणारा, घाटात तापला की ढिला पडणारा. बापाने मुलाला, थोरल्याने धाकट्याला गाडी शिकविली आणि तीबरोबर एक मंत्रही दिला, "पुढच्या ब्रेकला हात लावू नकोस, पालथा पडशील." घरातल्या लोणच्याच्या कृतीसारखा हा मंत्र पिढ्यानुपिढ्या चालत आला.

आता एस्‌. टी.त उभ्याने प्रवास केलेल्या प्रत्येकाला एक अनुभव आहे. ड्रायव्हरने करकचून ब्रेक दाबला, की सारी उतारू मंडळी पुढच्या बाजूला कलंडतात. दोन चाकांवरही तेच घडते. गाडी थांबू लागली की भार पुढे येतो. पुढचे चाक जमिनीला घट्ट चिकटते आणि मागचे हलके होते. म्हणजे थांबविण्याची खरी ताकद त्या घटकेस पुढच्या चाकात असते. मागच्या हलक्या चाकाला कितीही आवळले तरी ते फरफटत जाणार. कोरड्या, चांगल्या डांबरी रस्त्यावर ताशी ६० किलोमीटर वेगाने जाणारी गाडी दोन्ही ब्रेक नीट वापरले तर सुमारे २० मीटरांत थांबू शकते. केवळ मागचा वापरला तर जवळजवळ दुप्पट अंतर लागते. त्या वीस मीटरांत शाळेतून येणारे मूल उभे असेल, तर एवढ्याशा हिशेबावर काय काय अवलंबून आहे, हे सांगावयास नको.

हे केवळ कागदावरचे गणित नव्हे. अमेरिकेत हॅरी हर्ट नावाच्या संशोधकाने आपल्या सहकाऱ्यांसह लॉस एंजलिस परिसरातील मोटारसायकलींचे ९०० अपघात प्रत्यक्ष जागेवर जाऊन तपासले. १९८१ साली त्यांचा अहवाल आला. संकटाच्या वेळी स्वार मागचा ब्रेक अतोनात दाबून चाक घसरवितो आणि पुढचा ब्रेक मात्र पुरेसा वापरीत नाही, असे त्यांना पुन्हा पुन्हा आढळले. अपघातात सापडलेल्यांपैकी ९२ टक्के लोक गाडी आपली आपण, किंवा घरच्यांकडून, मित्रांकडून शिकलेले होते. म्हणजे तो मंत्र काही आपल्याच अंगणातला नव्हता. साता समुद्रांपलीकडेही तोच घोकला जात होता!

या मधल्या काळात यंत्र पुढे निघून गेले होते. १९६९ साली जपानच्या होंडा कंपनीने सीबी ७५० या गाडीला तेलाच्या दाबावर चालणारा डिस्क ब्रेक दिला, आणि तोही पुढच्या चाकाला. १९८८ साली बीएमडब्ल्यूने चाक अडकू न देणारी एबीएस योजना मोटारसायकलीवर आणली. आपल्याकडे १९९९ च्या सीबीझेडने आणि २००१ च्या पल्सरने पुढचा डिस्क ब्रेक तरुणांच्या हाती दिला. आणि एप्रिल २०१९ पासून १२५ सी.सी.वरील नव्या गाड्यांना एबीएस सक्तीचे झाले. ब्रेक बदलला, शिकवण तीच राहिली.

मध्यमवयाचा प्रश्न येथेच उभा राहतो. १९९० नंतरच्या दशकात इंग्लंडमध्ये चाळिशीतले कितीतरी गृहस्थ, मुले मोठी झाल्यावर, पुन्हा मोटारसायकलीकडे वळले. त्यांना गमतीने 'पुनर्जन्म घेतलेले' म्हणत. पण सोडलेली गाडी आणि हाती आलेली गाडी यांत फार अंतर पडले होते. आपल्याकडे जुन्या बुलेटवर वाढलेल्यांचा गिअर उजव्या पायाशी आणि ब्रेक डाव्या पायाशी. नव्या गाडीत नेमके उलटे. डोके नवे शिकते, पण घाबरलेला पाय जुनेच आठवतो. त्यात डोळ्यांना चाळिशी लागलेली आणि हातपायही क्षणभर उशिरा हलणारे. साठच्या वेगात एका सेकंदात गाडी १६ मीटरांहून अधिक पुढे गेलेली असते.

नुसता अनुभव अशा वेळी चिलखत होत नाही. 'अरबस्तानचा लॉरेन्स' म्हणून गाजलेला टी. ई. लॉरेन्स हा मोटारसायकलीचा मोठा षौकीन. वैमानिक दलातला साधा शिपाई म्हणून तो १९२७-२८ मध्ये कराचीस, म्हणजे त्या वेळच्या मुंबई इलाख्यातच, राहून गेला होता. ब्रफ सुपीरियर जातीच्या सात गाड्या त्याने वापरल्या. १३ मे १९३५ रोजी डोर्सेटमधील आपल्या घराजवळच्या ओळखीच्या रस्त्यावर, सायकलवरील दोन मुलांना चुकविताना तो फेकला गेला आणि सहा दिवसांनी वारला. वय अवघे ४६. त्याच्यावर उपचार करणाऱ्यांत असलेले मेंदूचे शल्यचिकित्सक ह्यू केर्न्स यांनी पुढे डोक्याच्या दुखापतींचा अभ्यास हाती घेतला, १९४१ साली शिरस्त्राणाचे महत्त्व लेख लिहून दाखविले, आणि त्याच वर्षी ब्रिटिश सैन्यातील मोटारसायकलस्वारांना ते सक्तीचे झाले. निष्णाताच्या मरणातून साऱ्यांना शहाणपण आले ते असे.

मग आमच्या वयाच्या माणसाने करावे काय? माझा उपाय साधा आहे. आमच्या गावाबाहेरच्या औद्योगिक वसाहतीत रविवारी सकाळी रस्ते ओस असतात. तेथे मी खडूने रेघ ओढतो, गाडी सरळ ठेवून तीसच्या वेगाने येतो, आणि रेघेशी थांबावयास लागतो. उजव्या हाताची लिव्हर एकदम खेचावयाची नाही. लिंबू पिळावे तशी, आधी हलके आणि मग जोर वाढवीत दाबावयाची. पायाचा ब्रेक जोडीला, पण नरम हाताने वाढलेल्या तुपासारखा. नजर चाकाखाली नव्हे, दूर समोर. तीस जमले की चाळीस. ओल्या रस्त्यावर, वाळूवर, वळणात हाच खेळ अधिक सावकाश, आणि मुळात वेगच कमी. चार-सहा रविवारांत थांबण्याचे अंतर पावलांनी मोजता येईल इतके घटले. गेल्या वर्षीचा विश्वास यंदा चालत नाही. तो दरवर्षी नव्याने कमवावा लागतो, हे मला त्या खडूच्या रेघांनी शिकविले.

ज्यांनी आपणांस तो जुना मंत्र दिला, त्यांच्या मायेत काही उणे नव्हते. त्यांच्या गाडीपुरते, त्यांच्या रस्त्यापुरते ते खरेच बोलत होते. परंतु वडिलांचे सारेच जपून ठेवावयाचे नसते. घरातला मुलगा किंवा मुलगी गाडी शिकावयास निघाली, की तिला आता सांगावे, "पुढच्या ब्रेकला भिऊ नकोस, त्याची ओळख करून घे." आणि नुसते सांगू नये. एखाद्या रविवारी सकाळी तिच्याबरोबर खडू घेऊन आपणही जावे.