वैद्यकी बाडें आणि वाजीकरण-प्रकरण : शिरवळच्या निमित्तानें

नीरेच्या दक्षिण तीरावर, पुण्याहून साताऱ्यास जाणाऱ्या वाटेवर वसलेलें शिरवळ आमच्या वाचकांस सुभानमंगळ कोटामुळें सुपरिचित आहे. इ. स. १६४८ त फत्तेखानाच्या स्वारींत हा कोट विजापूरकरांकडे गेला व शिवाजी महाराजांच्या लोकांनीं तो पुनः हस्तगत केला. जवळच्या बौद्ध लेण्यांमुळें पुराणवस्तूंचे अभ्यासकही तेथें जातात. अशा जुन्या परगण्याच्या गांवीं संग्राहक जातो तो सनदा, महजर व वतनपत्रें शोधावयास. दप्तरांत एखादें वैद्यकी बाड निघालें, तर तें तो बाजूस ठेवितो. फार झालें तर ‘धातुपुष्टी’चें पान तेवढें कुतूहलानें उतरून घेतो. ही रीत शास्त्रास व इतिहासास सारखीच घातक आहे, असें आमचें मत आहे.

पुरुषाचें पौरुष कोठें वसतें, हें आपल्याकडे पूर्वींच ठाऊक होतें. चरकानें शुक्रवह स्रोतसांचें मूळ वृषणांत सांगितलें आहे. शेतकऱ्यास तर ग्रंथाचीही गरज नव्हती. खच्ची केलेला बैल औतास शांतपणें चालतो व वळू चालत नाहीं, हें तो पिढ्यान्‌पिढ्या पाहत आला. युरोपांत हीच गोष्ट १८४९ त गॉटिंगेन येथें बेर्टोल्ड यानें कोंबड्यांवर प्रयोग करून सिद्ध केली. काढलेलें वृषण पोटांत अन्यत्र रुजविलें, तरी कोंबड्याचा तुरा व आरव कायम राहिला. वृषणांतील कांहीं द्रव्य रक्तावाटे सर्व शरीरावर सत्ता चालवितें, असें त्यावरून ठरलें. अशा द्रव्यांस ‘हार्मोन’ हें नांव १९०५ त मिळालें.

आतां आपल्या ग्रंथांची मांडणी पाहावी. चरकाच्या चिकित्सास्थानांत पहिला अध्याय रसायनाचा व दुसरा वाजीकरणाचा. दोहोंचे चार-चार पाद आहेत. तेथें शुक्रक्षयाचीं कारणें सांगतांना वार्धक्य, चिंता, व्याधि, अतिश्रम, उपवास व अतिसंग हीं मोजिलीं आहेत. सोळा वर्षांच्या आंत व सत्तरीनंतर संग करूं नये, अशी मर्यादा घातली आहे. सूत्रस्थानांत वृष्य गोष्टींत श्रेष्ठ ‘संकल्प’ म्हटला असून अवृष्य गोष्टींत अग्रस्थान दौर्मनस्यास दिलें आहे. मळक्या वस्त्रावर जसा रंग चढत नाहीं, तसें अशुद्ध शरीरांत वाजीकरण फळत नाहीं, असें वाग्भट बजावितो. ह्याच वाग्भटाच्या ‘अष्टांगहृदया’वर देवगिरीच्या यादवांचा श्रीकरणाधिप हेमाद्रि यानें ‘आयुर्वेदरसायन’ ही टीका लिहिली. तेव्हां ही परंपरा महाराष्ट्रास परकी नव्हे. तात्पर्य, शास्त्रांत आहार, निद्रा, संयम, शोधन व मनाची प्रसन्नता हा पाया आहे, आणि औषध त्यावरचा कळस.

पाया सोडून कळस धरल्यानें काय होतें, तेंही पाहण्यासारखें आहे. सुश्रुतानें बोकडाचे वृषण दुधांत शिजवून घेण्याचा योग दिला आहे. १८८९ त पॅरिस येथें ब्राउन-सेकार या ७२ वर्षांच्या पंडितानें जनावरांच्या वृषणांचा अर्क स्वतःस टोंचून घेतला व तारुण्य परत आल्याचें जाहीर केलें. पुढें १९३५ त ॲमस्टरडॅम येथें लाकर व त्याचे सहकारी यांनीं हा स्राव शुद्ध रूपांत वेगळा केला, तेव्हां वळूंच्या सुमारें १०० किलो वृषणांतून जेमतेम १० मिलिग्रॅम हातीं आला. वृषणांत हा स्राव सांठून राहत नाहीं, व पोटांत घेतलेला बहुतेक यकृतांतच नष्ट होतो. ब्राउन-सेकारास आलेला गुण अर्काचा नसून विश्वासाचा होता, असेंच आज मानितात. चरकाचा ‘संकल्प’ येथें आठवल्यावांचून राहत नाहीं.

वनस्पतींचीही आज परीक्षा झाली आहे. अश्वगंधेनें हा स्राव किंचित् वाढल्याचें कांहीं लहान प्रयोगांत दिसलें, पण तिच्या सेवनानें यकृतास इजा झाल्याच्याही नोंदी आहेत. गोखरूनें निरोगी पुरुषांत वाढ झाल्याचें तुलनात्मक प्रयोगांत आढळलें नाहीं. उलट, २०११ त शिकागो येथें दहा निरोगी तरुणांस आठ रात्री पांचच तास झोंपूं दिलें, तों दिवसाचें प्रमाण शेंकडा १० ते १५ नें उतरलें. स्थूल पुरुषाचें वजन घटलें कीं तें चढतें, हेंही सिद्ध आहे. म्हणजे कसोटीस उतरला तो ग्रंथांचा पायाच.

म्हणून संग्राहकांस आमची विनंति आहे. ‘योगरत्नाकर’ पुण्याच्या आनंदाश्रमानें केव्हांच छापला. शंकर दाजीशास्त्री पदे यांचा ‘आर्यभिषक्’ घरोघर गेला. नुसते पाठ मिळविण्यास बाडाची गरज उरली नाहीं. बाडाचें मोल आहे तें पथ्याच्या ओळींत, अनुपानांत, समासांतील टिपणांत व स्थानिक नांवांत. अश्वगंधा कोठें आस्कंद, तर कोठें ढोरगुंज; लहान गोखरू म्हणजे सराटा, मोठा गोखरू निराळा; पांढरी व काळी मुसळी या दोन वेगळ्या जाती. नांव ओळखल्यावांचून पाठ लागत नाहीं. शिवाय अशा योगांत कुचला, बचनाग, अफू किंवा सोमलही येतो. तेथें गुंजेच्या जागीं मासा वाचला गेला, तर मात्रा आठपट होते. शोधनाची ओळ गाळून असा पाठ छापणें म्हणजे वाचकाच्या हातीं विष देणें होय. सबब बाड मिळेल तसें अखंड ठेवावें, मोडी मजकुराची नक्कल शब्दशः करावी, शंकित मात्रेपुढें शंकाचिन्ह घालावें, आणि पथ्याचें पान औषधाच्या पानापासून कधींही तोडूं नये.